शेवटी वेगळे होणाऱ्या जोडप्याच्या गोष्टीला रोमँटिक कॉमेडी म्हणता येईल का?

जुळे_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापुरातले सात-आठ हौशी रंगकर्मी एका एकांकिकेच्या तयारीत आहोत आणि संहिता लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दहा वर्षे संसार केलेले, विजापूर रस्त्यावर दोघांच्या नावे फ्लॅट घेतलेले एक जोडपे वेगळे व्हायचे ठरवते, पण फ्लॅट विकला जाईपर्यंत दोघांनाही त्याच घरात राहावे लागते, एवढे कथासूत्र ठरले आहे. २००६ सालच्या 'द ब्रेक-अप' या अमेरिकन चित्रपटावरून मला ते सुचले, हे मी पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितले होते. गेल्या रविवारी आम्ही तो चित्रपट एकत्र बसून पाहिला आणि तेथूनच मतभेद सुरू झाले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेटन रीड यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात विन्स व्हॉन आणि जेनिफर ॲनिस्टन यांनी गॅरी आणि ब्रुक या जोडप्याचे काम केले आहे. गॅरी शिकागोत भावांबरोबर पर्यटकांच्या बसगाड्यांचा व्यवसाय करतो, ब्रुक एका कलादालनात नोकरी करते. घरी दोन्हीकडच्या माणसांना जेवायला बोलावलेले असताना ब्रुकने बारा लिंबे आणायला सांगितलेली असतात आणि गॅरी तीनच घेऊन येतो. पाहुणे गेल्यावर भांडी घासण्यावरून वाद पेटतो आणि त्याच रात्री नाते मोडते. घर दोघांच्या मालकीचे असल्यामुळे कोणीच बाहेर पडत नाही. ती झोपण्याच्या खोलीत आणि तो दिवाणखान्यात असा मुक्काम सुरू होतो. एकमेकांना डिवचण्याचे अनेक प्रकार होतात, घर विकले जाते आणि ती दोघे वेगळी होतात. बऱ्याच दिवसांनी रस्त्यात अचानक भेट होते, चार शब्द बोलले जातात आणि चित्रपट संपतो.

आमच्यातल्या निम्म्या जणांचे म्हणणे असे की, तासभर हसवून शेवटी प्रेक्षकाला रिकाम्या हाताने घरी पाठवणे ही त्याची फसवणूक आहे, आणि हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात तिकीट काढून आलेला माणूस ती खपवून घेणार नाही. शेवटी दोघांना एकत्र आणावे, असा त्यांचा आग्रह आहे. मला मात्र ती दोघे वेगळी व्हावीत असे मनापासून वाटते, आणि तरीही या गोष्टीला विनोदी प्रेमकथाच म्हणावे असेही वाटते. हे कसे पटवून द्यावे ते सुचत नाही, आणि कदाचित माझेच चुकत असेल, म्हणून येथे विचारत आहे.

पार्क_चौक

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी जवळजवळ तीस वर्षे हौशी रंगभूमीवर काम केले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: आपल्या सहकाऱ्यांची बाजू मला अधिक बरोबर वाटते.

आपला प्रेक्षक दुःखाला घाबरत नाही. शोकांतिका पाहायला तो पदरचे पैसे देऊन येतो, रुमाल ओला करतो आणि नाटक चांगले होते असे सांगत बाहेर पडतो. परंतु पहिल्या दहा मिनिटांत आपण त्याला हसवले, म्हणजे एक शब्द दिला. या दोघांचे शेवटी बरे होणार आहे, तू निर्धास्तपणे हस, असा तो शब्द असतो. आपल्याकडील संसारी नाटकांत दुसऱ्या अंकातले भांडण कितीही विकोपाला गेले तरी प्रेक्षक हसू शकतो, कारण तिसऱ्या अंकात समेट होणार हे त्याला ठाऊक असते. विनोदी नाटकाचा पडदा अक्षता पडल्यावर पडतो. तो शब्द मोडला की आधीचे सगळे हसू प्रेक्षकाला टोचू लागते.

हा चित्रपट पाहताना माझे हेच झाले होते. गॅरी दिवाणखान्यात बिलियर्डचे टेबल आणून ठेवतो, ब्रुक त्याला जोडप्यांच्या बोलिंगच्या संघातून बाहेर काढायला लावते, तेव्हा मी मोकळेपणाने हसलो, कारण हे सगळे मिटणार आहे असे मी गृहीत धरले होते. ते मिटत नाही हे कळल्यावर मी ज्याला हसलो ते दोन माणसांचे उद्ध्वस्त होणे होते, या जाणिवेने मला अपराधी वाटले. वेगळे होणेच दाखवायचे असेल तर आपण अवश्य दाखवावे, मात्र जाहिरातीत 'विनोदी' हा शब्द घालू नये.

नवी_पेठ

पार्क चौक यांनी वर्णिलेला अपराधी भाव मलाही जाणवला होता, पण मी त्याचा अर्थ वेगळा लावतो. तो चित्रपटाचा दोष नसून तेच त्याचे सामर्थ्य आहे, असे माझे मत आहे. थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

प्रथम सुरुवात पाहावी. बेसबॉलच्या मैदानावर, रिग्ली फील्डमध्ये, गॅरी ब्रुकशी ओळख काढतो आणि लगेच श्रेयनामावली सुरू होते. त्या नामावलीबरोबर दोघांची छायाचित्रे एकामागून एक येतात: सहली, मित्रमंडळी, मिठ्या, सणवार. इतर चित्रपट ज्या प्रेमकथेवर दोन तास खर्च करतात, ती येथे नावे वाचता वाचता संपून जाते. त्यानंतरचा पहिला मोठा प्रसंग म्हणजे लिंबांचा. याचा अर्थ असा की दिग्दर्शकाने प्रेक्षकाला आरंभीच सांगून टाकले आहे की सुखाचा काळ मागे पडला. पार्क चौक म्हणतात तसा शब्द दिलेला असलाच, तर तो हा आहे आणि तो शेवटपर्यंत पाळलेला आहे.

आता भांड्यांचा प्रसंग. ब्रुकचे म्हणणे असे असते की गॅरीने भांडी घासावीत एवढे पुरेसे नाही, ती घासावीत असे त्याला आपणहून वाटले पाहिजे. भांडी घासावीशी कोणाला वाटतात, असा गॅरीचा प्रश्न. पडद्याकडे पाहताना हसू येते, कारण शब्दशः घेतले तर गॅरी बरोबर आहे. पण ती भांड्यांविषयी बोलतच नसते. आपण दिवसभर राबलो हे कोणीतरी न सांगता ओळखावे एवढेच तिचे मागणे आहे, आणि ते मागून मिळाले की त्याची किंमत संपते. ज्या वाक्याला आपण हसतो त्याच वाक्यावर नाते मोडते. विनोद वेगळा आणि दुःख वेगळे असे दोन पदार्थ एका ताटात वाढलेले नाहीत.

दुसरे असे की, पुढचा सगळा छळ दोघेही एकमेकांना परत मिळवण्यासाठीच करत असतात. ब्रुक इतर पुरुषांबरोबर बाहेर जाते ती गॅरीने अस्वस्थ व्हावे म्हणून. गॅरी घरात मित्रांचा गोंधळ घालतो तो तिने काहीतरी बोलावे म्हणून. अनोळखी माणसाला आपल्याला इतके अचूक दुखवता येत नाही. त्यासाठी वर्षांची सोबत लागते. विनोद या अचूकपणातून निर्माण होतो, आणि या अर्थाने चित्रपटातला प्रत्येक हशा त्यांच्या प्रेमाचाच पुरावा आहे. म्हणूनच त्याला रोमँटिक म्हणायला मला संकोच वाटत नाही.

थोडा इतिहासही येथे उपयोगी पडेल. वेगळे होऊ पाहणाऱ्या जोडप्याची विनोदी कथा हॉलिवूडला नवी नाही. १९३७ सालच्या 'द ऑफुल ट्रूथ'मध्ये केरी ग्रँट आणि आयरीन डन यांचा घटस्फोट मंजूर होतो, पण तो अमलात येईपर्यंत मुदत असते, आणि त्या मुदतीत दोघेही एकमेकांची नवी स्थळे मोडत राहतात. कुत्रा कोणाकडे राहावा यावरूनही तेथे न्यायालयात वाद होतो. अखेर मुदत संपण्याच्या ऐन घटकेला ती एकत्र येतात. त्या काळात अमेरिकी चित्रपटांवर, पडद्यावर काय दाखवावे आणि काय नाही हे ठरवणाऱ्या निर्मितीसंहितेचे कडक बंधन होते आणि विवाहसंस्थेचे पावित्र्य राखणे हा त्या संहितेचाच भाग होता. जोडप्याला आधी वेगळे करून मग पुन्हा एकत्र आणले, की मधल्या काळात त्यांना इतरांबरोबर हिंडताफिरताना दाखवता येत असे. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने १९८१ साली अशा चित्रपटांवर पुस्तक लिहून त्यांना 'पुनर्विवाहाच्या कॉमेडी' असे नावच दिले. सांगायचा मुद्दा हा की, समेटाचा शेवट हा या प्रकाराचा स्वभावधर्म आहे असे आपण मानतो, परंतु त्याला घडवण्यात त्या त्या काळाच्या नियमांचाही हात होता. १९७७ सालचा 'ॲनी हॉल' येईपर्यंत ते बंधन उरले नव्हते. त्यात नायक आणि नायिका वेगळी होतात, नायक त्यावर नाटक लिहितो आणि त्या नाटकात मात्र नायिकेला आपल्याकडे परत आणतो. जे आयुष्यात झाले नाही ते रंगमंचावर करून घेण्याची ही ओढ आपल्या मंडळींतही दिसते आणि ती समजण्यासारखी आहे. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा प्रेक्षक हे स्वीकारत नाही असे सरसकट म्हणता येणार नाही.

'द ब्रेक-अप'च्या शेवटाबाबत एक माहिती आपल्या सहकाऱ्यांना जरूर सांगावी. चित्रपट प्रदर्शनापूर्वी काही प्रेक्षकांना दाखवला गेला, तेव्हा त्यांना शेवट आवडला नाही आणि तो पुन्हा चित्रित करावा लागला. आधीच्या शेवटात दोघांचेही नवे जोडीदार हुबेहूब जुन्या जोडीदारासारखे दिसतात, अशी कल्पना होती. बदललेल्या शेवटात ते नवे जोडीदार गेले आणि फक्त ती दोघे, रस्ता आणि अवघडलेले बोलणे उरले. म्हणजे प्रेक्षकांची नाराजी समोर असतानाही दोघांना पुन्हा एकत्र आणले गेले नाही. फक्त चमत्कृती काढून टाकली गेली. एवढे करूनही त्या चित्रपटाने जगभरात वीस कोटी डॉलरांच्या आसपास गल्ला जमवला.

आणि अक्षतांविषयी. आपण सोलापूरकर दर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत ज्या लग्नाला अक्षता टाकतो, ते कुंभारकन्येचे लग्न सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी, म्हणजे त्यांच्या काठीशी लागते आणि दुसऱ्या दिवशी होम होतो. त्यात संसार नाही. तरीही संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा सगळे गाव भरून पावलेले असते. ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि चित्रपटाशी तिची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, पण एकत्र राहण्याशिवाय प्रेमाची कथा पूर्ण होत नाही असे निदान या गावात तरी म्हणवत नाही.

कज्जेदलाल_नव्हे_वकील

नाट्यकलेतले मला फारसे कळत नाही, पण कथासूत्रातली एक गोष्ट सुचवावीशी वाटते. चित्रपटातले जोडपे अविवाहित आहे, म्हणून तेथे प्रश्न फक्त घराच्या विक्रीचा आहे. आपले जोडपे विवाहित असेल तर आपल्या कायद्यातच याहून चांगली नाट्यमय परिस्थिती तयार आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम १३ ब नुसार परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर अर्जापूर्वी किमान एक वर्ष दोघे वेगळे राहिलेले असावे लागतात आणि अर्ज दाखल केल्यानंतर साधारणपणे सहा महिने थांबावे लागते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सहा महिन्यांची मुदत योग्य परिस्थितीत माफ करता येईल असे सांगितले आहे, पण ती प्रत्येकाला माफ होतेच असे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, 'वेगळे राहणे' याचा अर्थ वेगळ्या छताखाली राहणे असाच होत नाही, पती-पत्नी म्हणून न राहणे असा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच स्पष्ट केले आहे. परिस्थितीमुळे दोघे एकाच घरात राहत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी राहिलेली असू शकतात.

शिवाय फ्लॅट दोघांच्या नावे असल्याने संपूर्ण फ्लॅटच्या खरेदीखतावर दोघांच्याही सह्या लागतील. निबंधक कार्यालयात शेजारी शेजारी बसून अंगठ्याचे ठसे देण्याचा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. तेथे सहसा कोणी भांडत नाही. एकदा एका गृहस्थांनी सही करण्यापूर्वी पत्नीचा चष्मा स्वतःच्या रुमालाने पुसून तिच्या हातात दिला, आणि दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

होटगी_रस्ता

मी सहसा येथे लिहीत नाही. अकरा वर्षांच्या संसारानंतर मी आणि माझे यजमान वेगळे झालो, त्याला आता सहा वर्षे होतील. हा चित्रपट मी त्यानंतर पाहिला, म्हणून पार्क चौक यांच्या अपराधी वाटण्याबद्दल काही सांगावेसे वाटते.

आम्हीही वेगळे व्हायचे ठरल्यावर सात महिने एकाच घरात होतो. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि कधी कधी ते रात्री दोन वाजता येते. आम्ही एकमेकांशी बोलणे सोडले होते, पण पाणी आले की दोघेही उठायचो. ते नळी धरायचे, मी पिंप भरले की हात वर करायचे, ते नळी दुसऱ्या पिंपात टाकायचे. एका शब्दाचीही गरज लागत नव्हती. एका रात्री नळी निसटली आणि आम्ही दोघेही नखशिखांत भिजलो, आणि स्वयंपाकघरात उभे राहून इतके हसलो की शेजारच्या वहिनींनी दार वाजवले. त्यांना वाटले असणार की आमचे मिटले. मलाही क्षणभर तसेच वाटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे वकिलांकडे गेलो.

त्या हसण्याबद्दल मला कधीही अपराधी वाटलेले नाही. ते खरे होते आणि वेगळे होणेही खरे होते. म्हणून मी पाहणाऱ्यांना विनंती करीन की, शेवटी वेगळे होतात म्हणून आधीचे हसू खोटे ठरते असे कृपया समजू नये.

चित्रपटातला मला सर्वांत खरा वाटलेला भाग शेवटाच्या थोडा आधीचा आहे. गॅरीला आपली चूक उमगते, तो घर आवरतो, ब्रुकसाठी स्वयंपाक करतो. इतर कोणत्याही चित्रपटात ती येथे त्याच्या गळ्यात पडली असती. येथे ती शांतपणे सांगते की तिच्याजवळ आता देण्यासारखे काही उरलेले नाही. त्याआधी तिने त्याला गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलेले असते, त्याची जागा रिकामी ठेवून ती वाट पाहत बसलेली असते आणि तो येत नाही. तिच्यातले काय संपले ते त्या रिकाम्या खुर्चीपाशी संपले. गॅरी वाईट माणूस नाही, त्याला उशिरा समजते एवढेच. जाहिरातीत प्रेक्षकाला एक बाजू निवडायला सांगितले होते, पण या प्रसंगापर्यंत मला कोणतीच बाजू निवडता आली नव्हती, आणि माझ्या बाबतीतही आजवर निवडता आलेली नाही.

रस्त्यातल्या भेटीबद्दल एवढेच लिहिते की ती तशीच होते. मागच्या वर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीत होम मैदानावर ते अचानक समोर आले. त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्यांच्या बढतीबद्दल विचारले. मग त्यांनी भावाच्या मुलीला पाळण्यात बसवायला नेले. मी वळून पाहिले तेव्हा तेही पाहत होते.

जुळे सोलापूर, आपल्या संहितेत लिंबे ठेवू नयेत, ती शिकागोची आहेत. पाणी ठेवावे. आणखी एक: आमच्या माहेरी कन्नड बोलतात. भांडण तापले की मी कन्नडमध्ये जायचे आणि यजमानांना त्यातले निम्मेच कळायचे. या गावात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत संसार मोडतात. आपल्या नायिकेने भांडताना आईच्या भाषेत जावे आणि नायकाने दहा वर्षांत ती भाषा किती शिकली आहे ते तेव्हाच प्रेक्षकाला कळावे, असे मला वाटते.

जुळे_सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. होटगी रस्ता, आपला प्रतिसाद मी काल रात्री तीन वेळा वाचला. पाण्याचा प्रसंग मी आपल्या परवानगीशिवाय वापरणार नाही. परवानगी असेल तर तो तपशील बदलून, कोणाचीही ओळख पटणार नाही अशा रीतीने लिहीन.

वाचता वाचता माझ्या लक्षात आले की आमचा वाद शेवटावरून होता, पण दोष सुरुवातीत होता. माझ्या पहिल्या खर्ड्यात पहिले पान भांडणाने सुरू होते आणि ती दोघे एकमेकांची कोण होती हे प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. चित्रपटाने छायाचित्रांतून जे केले ते रंगमंचावर कसे करावे, याचा मी आता विचार करत आहे. फ्लॅट पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाला दोघेही घर दाखवतात आणि ही खिडकी का मोठी करून घेतली, हा ओटा एवढा खाली का आहे, हे एकमेकांचे वाक्य पूर्ण करत सांगतात, असे आरंभीच घेतले तर दहा वर्षे पाच मिनिटांत कळतील आणि घर विकायला काढले आहे हेही लपणार नाही. वकीलसाहेबांच्या सहा महिन्यांमुळे काळाची मर्यादाही आयती मिळाली. दोघे विवाहितच राहतील.

पार्क चौक, 'विनोदी' हा शब्द जाहिरातीत घालावा की नाही याबाबत माझे मन अजून ठरलेले नाही.

होटगी_रस्ता

परवानगी आहे. फक्त नळी नायकाच्या हातून निसटावी, नायिकेच्या नव्हे. त्या रात्री तसेच झाले होते.

पार्क_चौक

गिऱ्हाइकाला घर दाखवण्याचा प्रसंग आरंभी येणार असेल तर माझा आक्षेप बराचसा उरत नाही, कारण मग प्रेक्षकाला अंधारात ठेवलेले नाही. समेट नसलेल्या शेवटापेक्षा न कळवलेल्या शेवटाचे मला दुःख होते, हे होटगी रस्ता यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझे मला उमगले.

एक सूचना मात्र करतो. रंगमंचावर पाणी सांडू नये, फळ्या घसरड्या होतात आणि पुढच्या प्रसंगात नट पडतात. पिंपे, नळी आणि पाण्याचा आवाज एवढ्यावर प्रसंग उभा राहील. भिजणे नटांनी अंगाने दाखवावे. त्याला तालीम पुष्कळ लागेल. दोघांची हालचाल शब्दाशिवाय इतकी बिनचूक बसली पाहिजे की ती दहा वर्षांची सवय वाटावी. संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो. आपली हरकत नसेल तर त्या एका प्रसंगाच्या तालमीला येऊन बसेन.